एक तिजोरी, तीन आघाड्या

एप्रिल 2024 मध्ये अमेरिकी काँग्रेसने सुमारे 95 अब्ज डॉलरची मदत मंजूर केली. युक्रेनच्या वाट्याला जवळपास 61 अब्ज, इस्रायल आणि गाझासह इतरत्रच्या मानवतावादी मदतीला मिळून 26 अब्ज, तर तैवानसह हिंद-प्रशांत क्षेत्राला 8 अब्ज डॉलर. प्रतिनिधिगृहाचे सभापती माइक जॉन्सन यांनी प्रत्येक विषयावर वेगळे मतदान घेतले. 20 एप्रिलला युक्रेनचे विधेयक 311 विरुद्ध 112, इस्रायलचे 366 विरुद्ध 58 आणि हिंद-प्रशांतचे 385 विरुद्ध 34 मतांनी संमत झाले. एकत्रित कायद्यावर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी 24 एप्रिलला सही केली.

आकडे पाहून पैसा थेट त्या देशांत गेला असे वाटते. तसे नाही. युक्रेनच्या रकमेतले सुमारे 23 अब्ज अमेरिकेचीच रिकामी झालेली शस्त्रकोठारे भरण्यासाठी होते, आणि हिंद-प्रशांतच्या निधीतले 3.3 अब्ज पाणबुडीबांधणीच्या सोयींसाठी.

खरी ओढाताण पैशांची नाहीच, मालाची आहे. 155 मिलिमीटरचे तोफगोळे युक्रेनला हवेत, इस्रायललाही हवेत. आणि कारखाना एका रात्रीत उभा राहत नाही. म्हणूनच जून 2024 मध्ये अमेरिकेने पॅट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेची क्षेपणास्त्रे आधी युक्रेनला देण्याचे ठरवले. ज्यांनी ती आधीच मागवली होती, अशा काही देशांना थांबावे लागले. तैवानला मात्र या फेरबदलातून वगळले. युक्रेनच्या शहरांवर रोज हल्ले होत असताना हा क्रम योग्यच होता.