गुन्हा रक्तात असतो काय?

गावात रात्री घरफोडी होते. सकाळी पोलीस येतात, पंचनामा होतो आणि चोर सापडण्यापूर्वीच लोकांची बोटे गावाबाहेर उतरलेल्या पालांकडे वळतात. 'ती जातच तशी' असे कोणी म्हणतो आणि इतर माना डोलावतात. या तीन शब्दांत गुन्ह्याविषयीची एक उपपत्ती दडलेली आहे. गुन्हा माणसाच्या रक्तात असतो, ही ती उपपत्ती. ती कितपत खरी आहे, हे आपण पाहू.

प्रथम दोन संज्ञा समजून घेऊ. समाजाने मान्य केलेल्या वर्तननियमांना प्रमाणके म्हणतात. प्रमाणक मोडणे म्हणजे विचलन. कायद्याने शिक्षापात्र ठरविलेले कृत्य म्हणजे गुन्हा. रांग मोडून पुढे घुसणे हे विचलन आहे, परंतु एरवी तो गुन्हा ठरत नाही. काळाबरोबर गुन्ह्याची व्याख्याही बदलते. एके काळी पुण्यकर्म मानली गेलेली सतीची चाल १८२९ साली बंगाल प्रांतात कायद्याने गुन्हा ठरली.

इटलीतील वैद्य लोम्ब्रोसो यांनी १८७६ मध्ये असे प्रतिपादन केले, की गुन्हेगार जन्मतःच वेगळा असतो आणि त्याची कवटी, जबडा यांवरून तो ओळखता येतो. पुढे चार्ल्स गोरिंग यांनी इंग्लंडमधील सुमारे ३,००० कैद्यांची मोजमापे घेऊन १९१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. असा वेगळा शारीरिक नमुना त्यांना आढळला नाही.

मग कारणे कोठे शोधावीत? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी ती समाजात शोधली. गुन्हा मुळीच नाही असा समाज आढळत नाही. म्हणून गुन्हा ही समाजजीवनातील सर्वसाधारण घटना होय, असे त्यांनी १८९५ मध्ये मांडले. शिक्षा देताना समाज आपल्या नियमांची स्वतःलाच आठवण करून देत असतो. मात्र समाज फार वेगाने बदलू लागला, की जुने नियम सैल होतात आणि नवे अद्याप रुजलेले नसतात. या अवस्थेला प्रमाणकशून्यता म्हणतात.

अमेरिकेतील रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये हा विचार पुढे नेला. पैसा मिळवा, मोठे व्हा, हे ध्येय समाज सर्वांपुढे ठेवतो. पण शिक्षण, नोकरी, भांडवल हे तेथवर नेणारे मार्ग सर्वांना सारखे खुले नसतात. ध्येय मनात रुजलेले आणि वाट मात्र बंद, अशा ताणातून काही जण आडवाटेने जातात. काही जण व्यसनात बुडून ध्येय आणि मार्ग दोन्ही सोडून देतात.

परंतु गुन्ह्याचे मूळ केवळ दारिद्र्यात असते, तर सुस्थित माणसांनी गुन्हे केलेच नसते. एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये प्रतिष्ठितांच्या गुन्ह्यांकडे लक्ष वेधले. त्यांच्या मते गुन्हेगारी ही निकटच्या माणसांकडून शिकली जाते. तंत्राबरोबर तिचे समर्थनही शिकले जाते. 'येथे सगळेच घेतात' हे वाक्य नव्या कारकुनाच्या कानी रोज पडू लागले, की लाच त्याला लाच वाटेनाशी होते.

हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये प्रश्नच उलटा केला. माणूस नियम का मोडतो, एवढेच न विचारता, गुन्हेगार हा शिक्का कोण कोणावर मारतो, हेही विचारले पाहिजे. एकदा शिक्का बसला, की काम मिळत नाही, शेजारी टाळतात, पोलीस प्रथम त्यालाच बोलावतात. सरळ वाटा एकेक करून बंद होतात आणि अखेर तो माणूस त्या शिक्क्याप्रमाणेच जगू लागण्याची शक्यता वाढते.

आपल्या देशात असा शिक्का संपूर्ण जमातींवर मारला गेला. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. आरंभी तो उत्तर भारतापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू करता येऊ लागला. यादीतील जमातींना नावनोंदणी व हजेरी सक्तीची होती, परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. अनेकांना देखरेखीखालील वसाहतींत ठेवले गेले. सोलापुरातील अशा वसाहतीचे 'सेटलमेंट' हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. तेथे जन्मलेल्या मुलाने कोणता गुन्हा केला होता?

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. तथापि कागदावरून पुसलेला शिक्का मनांवरून पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनातून हे जीवन मराठी वाचकांपुढे आले. त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेद करणाऱ्या तरतुदी तर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविल्या.

कारणे शोधणे म्हणजे गुन्ह्याचे समर्थन करणे नव्हे. ज्याच्या घरी चोरी झाली, त्याचे दुःख खरेच असते आणि दोषी व्यक्तीला शिक्षाही व्हायला हवी. पण शिक्षा कृत्याला असावी, जन्माला नव्हे. बंद वाटा उघडणे, बरी संगत लाभू देणे आणि पुराव्यावाचून शिक्का न मारणे, हे काम केवळ पोलिसांचे नाही. पुढच्या वेळी गावात चोरी होईल आणि बोटे पालांकडे वळतील, तेव्हा आपले बोट उचलण्यापूर्वी आपण क्षणभर थांबलो, तरी या कामाचा आरंभ झाला असे म्हणता येईल.