डेमलोची संख्या आणि शाळेचा तास

नऊ एकांनी बनलेल्या १११११११११ या संख्येला तिनेच गुणले असता १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या येते. नृसिंहवाडीच्या घाटावर पुराचे पाणी एकेक पायरी चढते आणि त्याच पायऱ्यांनी ओसरते. ही संख्याही तशीच नवापर्यंत चढून उतरते. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे पुन्हा नवाचा वर्ग!

यात चमत्कार नाही. गुणाकार मांडताना नऊ ओळी एकेक घर सरकतात आणि प्रत्येक स्तंभातील एक मोजले जातात. दहावा एक वाढवताच मधल्या स्तंभात दहा जमतात, हातचा निघतो आणि ही घडी विस्कटते.

या कुळातील संख्यांना ‘डेमलो’ हे नाव दिले द. रा. कापरेकर यांनी, आजच्या डोंबिवली स्थानकाच्या तत्कालीन नावावरून. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तरकी करणाऱ्या या माणसापाशी डॉक्टरेट नव्हती. आपल्या विद्वानांनी त्यांचे मोल बेताचेच केले. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यावर जगाचे लक्ष गेले.

‘याचा उपयोग काय?’ असा प्रश्न विचारला जाईल. अर्थशास्त्राला किंमत मोजता येते. जिज्ञासेला मात्र बाजारभाव नसतो. म्हणूनच ती वेळापत्रकातून प्रथम हद्दपार होते. कागद व पेन्सिल यांपलीकडे खर्च नसलेला, गुणांविना एक तास आठवड्यातून शाळांनी अशा संख्यांना द्यावा. कापरेकरांचे खरे स्मारक तेच ठरेल.