वेखंडाची लागवड : बेण्याच्या निवडीचा प्रश्न

मराठी घरातील बाळगुटीच्या डब्यात हळकुंड, मायफळ, मुरुडशेंग यांच्यासोबत तपकिरी रंगाचा, गाठीगाठींचा आणि उग्र वासाचा एक तुकडा हमखास आढळतो. हा तुकडा म्हणजे वेखंड होय. सहाणेवर त्याचे एकदोन वेढे उगाळून ते बाळास चाटविले जाते, तर न्हाऊ घातल्यानंतर त्याची पूड अंगास लावली जाते. वाळलेले वेखंड असे घरोघरी परिचयाचे असले, तरी त्याचे जिवंत रोप मात्र फारच थोड्यांनी पाहिलेले असते.

वेखंड (अ‍ॅकोरस कॅलॅमस) ही पाणथळ जागी वाढणारी बहुवर्षायू वनस्पती आहे. तिची पाने तलवारीसारखी लांब असून चुरगळल्यास सुगंध देतात. औषधात वापरले जाते ते तिचे मूलक्षोड, म्हणजेच चिखलात आडवे सरपटणारे खोड. संस्कृतातील ‘वचा’, ‘उग्रगंधा’, ‘षड्ग्रंथा’ या नावांपैकी शेवटची दोन तिचा वास व तिच्या गाठी यांवरूनच पडलेली आहेत. चरकसंहितेत लेखनीय व संज्ञास्थापन या गणांत वचेचा समावेश आहे. पूर्वी सुरणाच्या कुलात गणली जाणारी ही प्रजाती आता स्वतंत्र कुलात व गणात ठेवली जाते. इतर सर्व एकदलिकित वनस्पतींपासून सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा म्हणून वर्गीकरणशास्त्रात तिला विशेष महत्त्व आहे.

लागवडीच्या दृष्टीने वेखंड हे भाताचे शेजारी मानावयास हरकत नाही. ज्या खाचरात भात होतो, तेथे वेखंडही होते. नदीकाठची चिकण पोयट्याची जमीन त्यास मानवते. पावसाळ्याच्या आरंभी नांगरट व चिखलणी करून, डोळे असलेले मूलक्षोडाचे तुकडे सुमारे ५ सेंटिमीटर खोल लावले जातात. दोन रोपांत व दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी सुमारे १ लाख ११ हजार तुकडे लागतात. बेण्याचा हा खर्चच नव्या शेतकऱ्यास प्रथम अडवतो. सुरुवातीस पाणी उथळ ठेवून रोपांच्या उंचीबरोबर ते वाढवावे लागते, आणि पाऊस संपल्यावरही जमीन सुकू देऊन चालत नाही. खालची पाने पिवळी पडून सुकू लागली की पीक काढणीस आले असे समजावे. खणून काढलेली मूलक्षोडे धुऊन, तंतुमुळे काढून, तुकडे करून सावलीत वाळविली जातात. कडक उन्हात वा विस्तवावर वाळविल्यास तेल उडून जाते. कर्नाटकातील तुमकुरु जिल्ह्यात, कोरटगेरे परिसरात, हे पीक ‘बजे’ या नावाने घेतले जाते.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. वेखंडाची लागवड बियांपासून होत नाही. म्हणून प्रत्येक नवे रोप आपल्या जनकाची हुबेहूब प्रत असते. क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५७४ मध्ये व्हिएन्ना येथे हे रोप वाढविले. युरोपातील वेखंड त्रिगुणित, म्हणजे ३६ गुणसूत्रांचे असल्याने वंध्य आहे. तरीही केवळ तुकड्यांतून ते खंडभर पसरले. याशिवाय २४ गुणसूत्रांचे द्विगुणित व ४८ गुणसूत्रांचे चतुर्गुणित असेही प्रकार आहेत. भारतात त्रिगुणित व चतुर्गुणित हे दोन्ही आढळतात.

हा फरक केवळ पाठ्यपुस्तकी नव्हे. तेलातील बीटा-अ‍ॅसॅरोन हे द्रव्य द्विगुणित प्रकारात जवळजवळ नसते, त्रिगुणितात कमी आणि चतुर्गुणितात पुष्कळच असते. जम्मूकडील वेखंडाचे तेल आहारातून दीर्घकाळ दिलेल्या उंदरांच्या लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात अर्बुदे आढळल्यानंतर, अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी केली. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमांनी तर स्वाददायी द्रव्यांसाठी वेखंडाचा चतुर्गुणित प्रकारच वर्ज्य ठरविला. गुणसूत्रांच्या संख्येवरून वनस्पतीस मज्जाव करणारा असा कायदा विरळाच म्हणावा लागेल.

गुटीतील एकदोन वेढे आणि उंदरांना दिलेले तेल यांची सरळ तुलना करता येणार नाही. आयुर्वेदातही वचा शोधन करूनच, म्हणजे गोमूत्रात व मुंडीसारख्या काढ्यांत शिजवून, वापरण्याचा दंडक आहे. घरच्या सहाणेवर मात्र बाजारातील तुकडा शोधनाविना उगाळला जातो, आणि तो ज्याला चाटविला जातो ते मूल अवघ्या काही महिन्यांचे असते. तुकड्याच्या रंगावरून वा वासावरून त्याचा प्रकार ओळखता येत नाही. बाजारात पोहोचेपर्यंत तो कोणत्या रोपाचा, याचा मागही उरत नाही.

म्हणून ही निवड लावणीपूर्वीच, बेण्याच्या पातळीवर, होणे आवश्यक ठरते. येथे महाविद्यालयीन वनस्पतिशास्त्र विभागांना करण्याजोगे पुष्कळ आहे. कांद्याच्या मूळाग्रांतील पेशीविभाजन पाहण्याचा प्रयोग पदवी वर्गात होतच असतो. तोच वेखंडाच्या मूळाग्रांवर करता येतो. वेखंडाची गुणसूत्रे फार लहान असल्याने हे काम कांद्याइतके सुलभ नाही. मोजणी अनेक पेशींत पडताळून पाहावी लागते. मात्र एका मातृरोपाची संख्या एकदा निश्चित झाली, की त्याच्या तुकड्यांतून वाढविलेल्या सर्व रोपांना तीच नोंद लागू पडते. वनौषधी उद्यानातील पाटीवर वनस्पतीच्या नावाखाली गुणसूत्रसंख्या व रोप कोठून आणले ते स्थळ लिहिल्यास, तेथून बेणे नेणाऱ्या शेतकऱ्यास आपण काय लावीत आहोत हे कळू शकेल.