सामाईक फाटकाची राखण

कुंपण कितीही भक्कम असले तरी त्याचे बळ फाटकाइतकेच असते. चारी बाजूंस काटेरी तार ओढली, बांधावर घायपात लावली, खर्चही पुष्कळ केला. परंतु फाटक एक रात्र उघडे राहिले तर हा सर्व खटाटोप व्यर्थ होतो. मोकाट गुरे रात्री हुरड्यात आलेल्या ज्वारीत शिरली म्हणजे सकाळपर्यंत काय उरते, हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे. हल्ली त्यात आणखी एक भर पडली आहे. पाण्याची मोटार, तांब्याची केबल, ठिबकच्या नळ्या अशी मोलाची सामग्री शेतातच असते, व ती नेणारा चोर बहुधा वाहन घेऊन येतो. वाहनास फाटकातूनच यावे लागते.

एकट्याच्या मळ्याचे फाटक उघडे राहिले तर दोष कोणाचा, हा प्रश्न उद्भवत नाही. अडचण येते ती सामाईक फाटकाची. वाटण्या होऊन एका शेताचे चार तुकडे झाले, तरी विहीर, वाट व बाहेरचे कुंपण ही पुष्कळ ठिकाणी सामाईकच राहतात. अशा जागी फाटक उघडे दिसले म्हणजे प्रत्येकास वाटते की मागून दुसरा कोणी येत असेल, तो लावील. सर्वांचे काम ते कोणाचेच नव्हे, अशी स्थिती होते. आणि नुकसान झाल्यावर मात्र प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. पिकाची हानी एका हंगामात भरून निघते. भाऊबंदकीत पडलेली तेढ दोन पिढ्या पुरते.

ही अडचण केवळ आपल्याच देशातील नव्हे. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्यान्वये स्थानिक संस्थांनी मागणी करणाऱ्या रहिवाशांस भाजीपाल्याकरिता लहान तुकडे खंडाने द्यावेत, अशी तरतूद झाली. परंपरेने असा तुकडा १० रॉड, म्हणजे आपल्या मापाने सुमारे अडीच गुंठ्यांचा असतो. एका आवारात असे अनेक तुकडे, अनेक कसणारे व त्या सर्वांस मिळून एखाददुसरे फाटक, अशी रचना तेथे सर्रास आढळते. तेथील मंडळींचा साधा नियम असा की, आत शिरल्यावरही फाटक मागे लावून घ्यावे. 'मी आतच आहे' ही सबब चालत नाही. कारण वाफ्यात खाली वाकून काम करणाऱ्यास फाटकातून कोण आले व गेले हे दिसत नाही.

आपल्याकडे तर याहून जुना धडा आहे. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवर बंधारे घालून जी फड पद्धत चालत आली, तीत पाणी वाटण्यास पाटकरी आणि पिके राखण्यास जागले नेमलेले असत. त्यांचा मोबदला सर्व हिस्सेदार मिळून पिकाच्या रूपाने देत. राखणीचे काम 'ज्याला जमेल त्याने करावे' असे मोघम न ठेवता नेमलेल्या माणसाकडे सोपविले होते, हे त्यातील मर्म होय.

फाटकाची बांधणी

प्रथम खांबाचा विचार करू. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे वरवर पुरलेला खांब दोन वर्षांत कलतो व फाटक जमिनीस घासू लागते. घासणारे फाटक कोणी पूर्ण लावीत नाही, हे ध्यानात ठेवावे. म्हणून खांबाची सुमारे एक तृतीयांश लांबी जमिनीत जावी, साधल्यास खड्डा मुरूम लागेपर्यंत खणावा, आणि भर घालताना काळी माती न वापरता मुरूम व दगड थराथराने ठोकून बसवावेत.

फाटकाची रुंदी ट्रॅक्टर व ट्रॉली सुखाने जाईल अशी, निदान १२ फूट असावी. एवढे रुंद फाटक स्वतःच्या भाराने बाहेरच्या टोकास झुकते. लाकडी फाटकास तिरपी पट्टी मारताना ती बिजागरीकडील खालच्या कोपऱ्यापासून कुलपाकडील वरच्या कोपऱ्यापर्यंत मारावी. म्हणजे ती भार खालून तोलून धरते. तारेचा ताण द्यावयाचा असल्यास दिशा नेमकी उलट, म्हणजे बिजागरीकडील वरच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत असावी.

कुलूप भारी घेऊन बिजागरीकडे दुर्लक्ष करण्याची चूक फार आढळते. दोन्ही बिजागऱ्यांच्या खुंट्या वर तोंड करून बसविल्या असतील, तर दोन माणसे फाटक कुलपासह वर उचलून बाजूस ठेवू शकतात. खालची खुंटी वर तोंड करून व वरची खुंटी खाली तोंड करून बसविली म्हणजे ही वाट बंद होते. कोयंड्याचे बोल्टही आरपार घालून आतून नट आवळावे आणि त्यांची टोके ठोकून चपटी करावीत. फाटकाखाली दगडी उंबरठा घातल्यास रानडुकरास खालून शिरता येत नाही. माणसांकरिता शेजारी अरुंद कवाडी ठेवावी. रोजच्या ये-जा करण्यास मोठे फाटक जितके कमी उघडावे लागेल तितके बरे.

कुलूप आणि किल्ल्या

सामाईक फाटकास कुलूप लावण्याच्या तीन रीती आहेत. पहिली, एक कुलूप व प्रत्येकास एक किल्ली. ही सोपी खरी. परंतु किल्ल्या गड्यांच्या हाती जातात, हरवतात, आणि किती किल्ल्या बाहेर आहेत हे काही काळाने कोणासच ठाऊक नसते. किल्ली हरवल्यास कुलूप बदलावे व तो खर्च हरविणाऱ्याने द्यावा, असे आधीच ठरलेले असावे. दुसरी रीत आकडे जुळविण्याच्या कुलपाची. यात किल्लीचा प्रश्न मिटतो, पण आकडा तोंडोतोंडी पसरतो. सबब तो दर हंगामास बदलणे जरूर आहे. कुलूप उघडल्यावर आकडे विस्कटून ठेवण्याचीही सवय पाहिजे.

तिसरी रीत कुलपांच्या साखळीची. फाटकाच्या साखळीची दोन टोके एका कुलपाने न जोडता, प्रत्येक हिस्सेदार आपले कुलूप शेजारच्याच्या कुलपात अडकवितो. अशा माळेतील कोणतेही एक कुलूप उघडले की फाटक उघडते, आणि कोणास दुसऱ्याची किल्ली बाळगावी लागत नाही. मात्र लावताना दोन्ही बाजूंची कुलपे आपल्या कुलपात घेतली पाहिजेत. एक जरी सुटले तर त्याचा धनी बाहेर राहतो. शिवाय माळेतील सर्वांत कच्चे कुलूप तेच फाटकाचे बळ, म्हणून सर्वांनी सारख्याच प्रतीची कुलपे घ्यावीत.

कायद्याची बाजू

कुलूप लावण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. त्या वाटेवर ज्याचा हक्क आहे, त्यास किल्ली न देता कुलूप घालणे म्हणजे वाट अडविणेच होय. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली अशा अडथळ्याविरुद्ध दावा आणता येतो. तो कारण घडल्यापासून ६ महिन्यांच्या आत आणावा लागतो. ज्यास आपल्या शेतात जाण्यास वाटच नाही, त्यास १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमान्वये बांधावरून वाट मिळण्याकरिता तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. म्हणजे राखणीच्या नावाखाली शेजाऱ्यास कोंडता येत नाही. शिरलेली गुरे धरून २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठविण्याचा अधिकार १८७१ च्या कायद्याने शेतकऱ्यास दिला. पण दंड झाला म्हणून गेलेले पीक परत येत नाही, हे उघड आहे.

करार

यावरून दिसून येईल की उत्तम फाटक व उत्तम कुलूप ही निम्मी राखण होय. उरलेली निम्मी माणसांच्या आपसांतील बोलीवर अवलंबून आहे. ती बोली एका कागदावर लिहून सर्वांनी सही करावी. त्यात इतके असले तरी पुरे: फाटकाचा खर्च कोणी किती द्यावा, किल्ल्या किती व कोणाकडे, रात्री शेवटची फेरी कोणत्या आठवड्यात कोणाची, फाटक उघडे आढळल्यास प्रथम ते लावून मग पाळीवाल्यास कळवावे, आणि नुकसान झाल्यास वाद मिटविण्यास कोणा दोघांस पंच मानावे. ज्याचे क्षेत्र मोठे त्याने खर्च अधिक द्यावा हे रास्त. परंतु पाळी सर्वांस सारखी असावी, कारण फाटक उघडे राहण्याचा धोका सर्वांस सारखाच आहे.

हे काम करण्यास वैशाखाचे दिवस योग्य. शेते मोकळी असतात, खड्डे खणण्यास सवड असते, व भाऊबंद लग्नकार्यानिमित्त गावी जमलेले असतात. मृगाची पेरणी सुरू झाली म्हणजे कोणास वेळ मिळत नाही, आणि पीक गेल्यानंतर केलेला करार रागाच्या भरात होतो. सबब ज्यांचे फाटक सामाईक आहे त्यांनी यंदा खांब पुरण्यापूर्वी एकत्र बसून कागद करावा.