स्प्रिंगची एअरगन निवडताना

परभणीच्या उरुसात फुगे फोडायच्या ज्या बंदुका असतात, त्यांच्यात आणि नेम शिकायच्या स्प्रिंग एअरगनमध्ये तत्त्व एकच. नळी खाली वाकवली की स्प्रिंग दबते. चाप ओढला की पिस्टन पुढे झेपावतो, हवा दाबतो आणि छर्रा सुटतो. मात्र छर्रा नळीबाहेर पडायच्या आतच पिस्टनच्या धक्क्याने बंदूक हललेली असते. म्हणून ती आवळून धरू नये. पुढचा हात नुसता आधाराला ठेवावा आणि दर वेळी त्याच जागी.

माझ्याकडे येणारी पोरं आधी विचारतात, 'जोर किती?' मी म्हणतो, बाळा, आधी चाप बघ, वजन बघ. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने सुटला तरी सुमारे ८ ज्यूल होतात. १० मीटरवर कागद भेदायला तेवढे भरपूर. कडक स्प्रिंग घातली की धक्का वाढतो, नेम बिघडतो.

ट्यूनिंग म्हणजे मुख्यतः घर्षण आणि कंपन कमी करणे. स्प्रिंगचा गाईड घट्ट बसवा, पिस्टनचे सील तपासा, मॉलिब्डेनमचे ग्रीस अगदी पातळ लावा. सिलिंडरमध्ये तेल ओतू नका. दाबलेल्या गरम हवेत ते पेटते, स्प्रिंग आणि सील दोन्ही खराब होतात. छर्रा न भरता चाप ओढणे तर मला बघवत नाही.

मग चार जातींचे छर्रे आणून प्रत्येकाचे गट, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या छर्‍यांची भोके, कागदावर पाडा. कागदावरच. पाखरांवर मुळीच नाही.