तिकीट हातात, तरी घोड्यावर बसायचे नाही!

अमेरिकेचा विषय निघाला की आमच्याकडचा सुशिक्षित मध्यमवर्ग डिस्नेलँडचे फोटो काढून दाखवतो. तिथले पाळणे, बोटी, डोंगरावरून खाली येणाऱ्या गाड्या यांचे वर्णन करताना तो थकत नाही. पण त्या देशात पाळण्याचे तिकीट कोणाला मिळत होते आणि कोणाला नाकारले जात होते, याविषयी तो चकार शब्द काढत नाही. महाडच्या तळ्यावर ज्यांच्या बापजाद्यांनी मार खाल्ला, त्यांनी मात्र करमणुकीच्या जागीसुद्धा आधी तिकीट खिडकीकडे पाहिले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

कॅलिफोर्नियातील अॅनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँडचे उद्घाटन झाले. मोठ्या माणसाला आत जायला १ डॉलर आणि आत गेल्यावर प्रत्येक खेळाचे १० ते ३५ सेंट वेगळे. आपल्या जत्रेत असते तसेच, दर पाळण्यापुढे पुन्हा खिसा चाचपायचा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कंपनीने कुपनांची पुस्तिका काढली. तिच्यात ए, बी आणि सी असे तीन दर्जे होते. १९५६ मध्ये डी आला आणि १९५९ मध्ये ई. ए म्हणजे साधी घोड्यांची चक्री, ई म्हणजे मॅटरहॉर्नच्या डोंगरावरून सुटणारी गाडी. आमच्या जुन्या थिएटरांतील लोअर स्टॉल आणि बाल्कनीसारखाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे सगळे दर्जे एकाच माणसाच्या हातात असत. पुस्तिकेत ई मोजकीच असायची, ती आधी संपायची. ए-बी उरायची आणि वर्षानुवर्षे घरच्या कपाटात पडून राहायची. यात व्यापाऱ्याची हुशारी होती. उरलेली कुपने फुकट जाऊ नयेत म्हणून माणसे लहान खेळांकडे वळत आणि गर्दी आपोआप पांगत असे. 'ई तिकीट' हा शब्द तर अमेरिकन बोलीत असा रुजला की १९८३ मध्ये अवकाशात गेलेल्या सॅली राइड यांनी आपल्या उड्डाणाचे वर्णन त्याच शब्दाने केले.

डिस्नेलँडच्या दारावर काळ्यांना बंदी नव्हती. परंतु पहिल्या वर्षापासून आत 'आंट जेमायमा'च्या नावाचे पॅनकेकचे हॉटेल होते आणि डोक्याला फडके बांधलेली, सदा हसणारी काळी स्वयंपाकीण तिथे गोऱ्या पाहुण्यांचे स्वागत करीत असे. गुलामीच्या काळातली मोलकरीण हीच त्या करमणूकनगरीने काळ्या स्त्रीला दिलेली जागा होती. ते नाव पिठाच्या पाकिटावरून हटवण्याचा निर्णय व्हायला २०२० साल उजाडले.

आणि जिथे बंदी होती तिथले काय? राजधानी वॉशिंग्टनला लागून मेरीलँड राज्यात ग्लेन एको नावाची बाग होती. तिचे फाटक सताड उघडे, प्रवेशाला पैसे नाहीत, फक्त प्रत्येक खेळाचे तिकीट घ्यायचे. ३० जून १९६० रोजी हॉवर्ड विद्यापीठातील काळे विद्यार्थी आणि त्यांचे सोबती तिथे गेले. काही जण घोड्यांच्या चक्रीवर चढून बसले. त्यांच्या हातात खरी तिकिटे होती. एका गोऱ्या सहकाऱ्याने ती खिडकीवर रोख पैसे मोजून आणलेली होती. चक्री चालवणाऱ्याने ती घेतलीच नाहीत. पहारेकऱ्याने एका विद्यार्थ्याला त्याचा वंश विचारला, तेव्हा आपण मानववंशाचे, असे उत्तर त्याने दिले. पाच जणांना अटक झाली आणि अतिक्रमणाबद्दल शिक्षाही झाली. घोडा लाकडाचा, तरी त्यावर काळा माणूस बसलेला गोऱ्या मालकाला खपला नाही. आमच्याकडे नवरदेवाची वरात अडवणाऱ्यांना हे चांगले समजेल.

पुढे उन्हाळाभर विद्यार्थी आणि शेजारच्या वसाहतीतील गोरे रहिवासी खांद्याला खांदा लावून बागेपुढे फलक घेऊन उभे राहिले. १९६१ च्या हंगामात बाग सर्वांना खुली झाली. अटलांटात फनटाउनची जाहिरात दूरचित्रवाणीवर पाहून मार्टिन ल्यूथर किंग यांची सहा वर्षांची लेक तिथे जायचा हट्ट धरी आणि ती जागा काळ्या मुलांना बंद आहे हे बापाला सांगावे लागे. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे दुःख नोंदवले आहे. त्याच वर्षी बाल्टिमोरजवळच्या ग्विन ओक बागेत धर्मगुरूंसह शेकडो निदर्शकांनी अटक करून घेतली, तेव्हा कुठे मालक नमला. २८ ऑगस्ट १९६३ रोजी अकरा महिन्यांची शेरॉन लँगली तिथल्या चक्रीच्या घोड्यावर बसली. वॉशिंग्टनचा महामोर्चा निघाला तो हाच दिवस.

ग्लेन एकोच्या विद्यार्थ्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९६४ मध्ये सुटला. पण कोणत्या मुद्द्यावर? पहारेकरी खासगी नोकर असला तरी त्याच्या छातीवर काउंटीच्या डेप्युटी शेरीफचा बिल्ला होता, म्हणून ती सरकारची कृती ठरली, या मुद्द्यावर. बिल्ला नसता तर? तर कदाचित शिक्षा कायम राहिली असती. कारण अमेरिकन घटनेची चौदावी दुरुस्ती समतेचे बंधन सरकारवर घालते, खासगी मालकावर नाही. काळ्यांना मुसाफिरखाने, नाटकगृहे आणि करमणुकीच्या जागा खुल्या करणारा कायदा तिथे १८७५ मध्येच झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये याच कारणासाठी तो मोडीत काढला.

त्या मोडीत निघालेल्या कायद्याकडे एका माणसाचे बारीक लक्ष होते. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह गोलमेज परिषदेपुढे अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना ठेवली. रस्ते, विहिरी, तळी यांच्या जोडीने नाटकगृहे आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा नाकारणाऱ्याला शिक्षा व्हावी, असे कलम तिच्यात होते आणि आधार म्हणून १८६६ व १८७५ च्या अमेरिकन कायद्यांचा निर्देश होता. पाण्याला मोताद असलेल्या समाजासाठी नाटकाचे तिकीट मागणारा हा नेता! पोट भरले की माणूस झाला, असे बाबासाहेबांनी कधी मानले नाही.

२६ जानेवारी १९५० रोजी भारतीय संविधान लागू झाले. त्याच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे सर्व नागरिकांना खुली झाली. हे कलम सरकारपुरते नाही, ते खासगी मालकालाही बांधते. घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी 'दुकान' म्हणजे काय असे विचारले गेले, तेव्हा बाबासाहेबांनी तो शब्द व्यापक अर्थाने घेतला. धोब्याची आणि न्हाव्याची सेवाही त्यात आली. अस्पृश्यता (गुन्हे) कायदा १ जून १९५५ रोजी अमलात आला, म्हणजे डिस्नेलँड उघडण्याच्या दीड महिना आधी. त्यात करमणुकीच्या जागी मज्जाव करणे हा गुन्हा ठरला. अंमलबजावणीची रड वेगळी. ती आम्ही या स्तंभात रडत आलोच आहोत.

अमेरिकेला हे साधायला २ जुलै १९६४ उजाडावा लागला. त्या दिवशी नागरी हक्क कायद्यावर सही झाली, आणि लगेच पळवाटा निघाल्या. करमणूक म्हणजे बसून पाहायची गोष्ट, पाळण्यात स्वतः बसणे ही करमणूक नव्हे, असा युक्तिवाद वकिलांनी केला! आर्कान्सातील लिटल रॉकजवळच्या लेक निक्सनच्या मालकांनी तर आपल्या बागेला 'क्लब' म्हटले. २५ सेंट भरले की कोणीही गोरा 'सभासद' होई. काळ्याला मात्र सभासदत्व मिळत नसे. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सोंग उघडे पाडले. पाव डॉलरचे ते सभासद कार्ड म्हणजे जातीचा दाखला मागणारे तिकीटच होते.

डिस्नेलँडने जून १९८२ मध्ये ए ते ई हे सगळे दर्जे रद्द केले. १२ डॉलरचा एकच पास घ्या, हवे तितके खेळ खेळा, पण रांगेत उभे राहा. ही काही समतेची ओढ नव्हती, इतर बागा आधीच एका दरात सर्व खेळ देत होत्या. तरीही काही वर्षे तिथे धनिकाचे आणि कामगाराचे पोर एकाच रांगेत उभे राहिले, हे खरे. १९९९ मध्ये रांग टाळणारा 'फास्टपास' आला, तोही फुकट होता. २०२१ मध्ये तो गेला आणि जलद रांग विकत मिळू लागली. २०१६ पासून प्रवेशाचा दरही दिवस पाहून बदलतो; गर्दीच्या दिवशी तो २०० डॉलरच्या पुढे गेला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बहुतेक मोठ्या खेळांच्या रांगा टाळणारा पास निघाला, माणशी दिवसाला ४०० डॉलर. हे तिकीट वंश विचारत नाही, हे आम्ही मान्य करतो. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची निव्वळ संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर निघाली, मधल्या काळ्या कुटुंबाची ४४ हजार ९००. त्या पासाच्या तेव्हाच्या दराने चार माणसांच्या कुटुंबाला एका दिवसाच्या जलद रांगेचे १,६०० डॉलर पडत होते. आत जायचे पैसे वेगळे.