लेकराच्या कमरेतली सुई

वडवणी हे बीड-परळी रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. दसरा सरला की इथल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. लहान लेकरं आईबापांबरोबर फडावर जातात आणि त्यांची दुखणी ‘पट्टा पडल्यावर’, म्हणजे हंगाम संपल्यावर ‘बघू’ म्हणून मागे पडतात. हर्नियाला मात्र पट्ट्याची वाट पाहायला लावू नये. तान्ह्या बाळाच्या हर्नियात आतडं अडकण्याचा धोका मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो. अंडकोष खाली उतरलेला नसेल, तर ते ऑपरेशन सहा ते अठरा महिन्यांच्या वयात व्हावं, असं आजचं शास्त्र सांगतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत, शाळेत जाऊन मुलं तपासतात आणि दोष दिसला की मोठ्या दवाखान्यात पाठवतात. तिथे आईबाप ऑपरेशनला तयार होतात, पण भूलतज्ज्ञ ‘कमरेत इंजेक्शन देऊ’ म्हणाले की पाय मागे घेतात. लेकरू पांगळं होईल, जन्माची पाठदुखी लागेल, ही भीती घरोघरी आहे. त्या भीतीचा आदर ठेवूनच सांगायला हवं, की नाभीखालच्या ऑपरेशनात लेकराच्या वेदनेवर इतका खात्रीचा आणि इतका स्वस्त उपाय क्वचितच सापडेल.

याला कॉडल ब्लॉक म्हणतात. बहुतेक वेळा लेकराला आधी वायूची भूल देऊन झोपवतात, त्यामुळे सुई टोचलेली त्याला कळतही नाही. मग डाव्या कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घेतात. भूलतज्ज्ञ माकडहाडाच्या वर बोटाने दोन छोटे हाडाचे उंचवटे चाचपतात. त्यांच्या मधोमध त्रिकास्थीत जन्मतःच एक फट असते आणि तिच्यावर पातळ पडदा ताणलेला असतो. बारीक सुई तो पडदा भेदून गेली की हाताला हलकासा ‘टप्’ जाणवतो. सुई तिथेच थांबवायची, पुढे रेटायची नाही. सिरिंज मागे ओढून रक्त किंवा मणक्यातलं पाणी येत नाही ना, ते पाहायचं. मग मॉनिटरवर नजर ठेवून औषध थोडं थोडं, थांबत थांबत सोडायचं.

नवजात बाळाचा मज्जारज्जू कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. सुई टोचतात ती त्याच्या बरीच खाली. मज्जारज्जूभोवतीची पाण्याची पिशवी मात्र लहानपणी मोठ्यांपेक्षा खालपर्यंत उतरलेली असते, म्हणून तर सुई पुढे रेटायची नाही, हा नियम. लहान मुलांत तिथली चरबी सैल असल्याने औषध सहज वर पसरतं आणि मोठ्यांसारखा रक्तदाबही घसरत नाही. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत हा ब्लॉक सगळ्यात चांगला लागतो.

डोसचा हिशेब १९७९ साली आर्मिटेज या इंग्रज डॉक्टरांनी बसवून दिला. सुंता किंवा मूत्रमार्गाच्या ऑपरेशनला किलोमागे अर्धा मिली, हर्नियाला एक मिली. दहा किलोच्या लेकराला पाव टक्का ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध दहा मिली दिलं, तर ते होतं २५ मिलिग्रॅम. किलोमागे अडीच मिलिग्रॅम ही या औषधाची कमाल मर्यादा, म्हणजे हर्नियाचा नेहमीचा डोसच मर्यादेला जाऊन भिडतो. अंदाजपंचे काम इथे चालत नाही. लेकराचं वजन काट्यावरच झालं पाहिजे.

ही पद्धत जुनी आहे. १९०१ साली पॅरिसमध्ये सिकार आणि कातेलॅं या दोघांनी ती स्वतंत्रपणे मांडली. १९३३ साली अमेरिकेत कॅम्पबेल या मूत्रविकारतज्ज्ञांनी मुलांवर वापरली. पुढे कित्येक वर्षं ती अडगळीत गेली. तान्ह्या बाळांना वेदना फारशा कळतच नाहीत, असं तेव्हा मोठमोठे डॉक्टर मानत. तो समज मोडण्यात आपल्या शेजारच्या इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांचा वाटा मोठा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऑपरेशनच्या वेळी पुरेसं वेदनाशामक दिलं तर त्यांच्या शरीरावरचा ताण उतरतो, हे त्यांनी १९८७ साली ऑक्सफर्डमधून दाखवून दिलं. त्यांचं हे काम प्रत्येक बालरोग विभागात शिकवलं जावं.

आता पांगळेपणाच्या भीतीबद्दल. अमेरिकेत १८,६५० कॉडल ब्लॉकची नोंद तपासून २०१५ साली अहवाल आला. अडचणी दोन टक्क्यांहून कमी, त्यातही बऱ्याचशा ब्लॉक न लागण्याच्या किंवा सुईत रक्त येण्याच्या. एकाही मुलाला कायमची इजा नाही. याचा अर्थ धोका शून्य असा नाही. औषध शिरेत गेलं तर झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. त्यासाठी लिपिड इमल्शन हे उताऱ्याचं औषध हाताशी लागतं आणि शेवटपर्यंत जवळ उभा असणारा माणूसही.

घोडं अडतं ते या माणसापाशीच. सुई साधी, औषध स्वस्त, पण लहान मुलांना भूल देण्याचा हात बसलेला भूलतज्ज्ञ तालुक्याच्या ठिकाणी मिळणं कठीण. बीड जिल्ह्यातच, अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. ग्रामीण दवाखान्यांतल्या भूलतज्ज्ञांना तिथे महिनाभर लहान मुलांच्या टेबलावर उभं करावं, असं मला मनापासून वाटतं. सोनोग्राफीने फट दिसते, त्याचा उपयोग आहेच; पण मशीन येईपर्यंत बोटांची तालीम थांबवण्याचं कारण नाही.

आईबापांनी लक्षात ठेवायचं ते थोडकंच. ब्लॉकचा असर साधारण चार ते सहा तास टिकतो. तेवढ्या वेळात पाय जड असतील, तर लेकराला एकटं उभं करू नका. डॉक्टरांनी दिलेलं पॅरासिटामॉल ते रडायला लागायच्या आधीच पाजा. लघवी झाल्याशिवाय परतीची एसटी धरू नका. आणि टोळी निघायला थोडेच दिवस उरले असतील, तर जखम तपासायला फडाजवळच्या कोणत्या दवाखान्यात जायचं, ते सुट्टीच्या कागदावर डॉक्टरांकडून लिहून घ्या.